कंट्रोलरसाहेबांचं महिन्याचं पोट

मिरजगावच्या स्टँडवर कंट्रोलर कानिफनाथ यांनी शिट्टी मारल्याखेरीज गाडी हलत नसे. वारा सुटला तर लिंबाचं पान हलेल, ते त्यांच्या खात्यात येत नव्हतं. पण सोलापूर, करमाळा आणि जामखेड या तिन्ही गाड्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघूनच निघायचं. पत्र्याची एक शेड, एक टेबल, भिंतीवर घड्याळ आणि गळ्यात शिट्टी एवढ्या सामग्रीवर हा माणूस राज्य करत असे. जगात प्रत्येक गोष्टीला वेळापत्रक असतं, आणि ज्याला नसतं ते जगात असायलाच नको, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांच्याच घरात एक गोष्ट वेळापत्रकाप्रमाणे चालू होती आणि लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्यांना तिचा पत्ता नव्हता, ही गंमत वेगळी.

त्यांची बायको विजयमाला नगरची. वडील नगरपालिकेत, घर चाळीतलं. चाळीत चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता, पण त्याला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. मिरजगावात आल्यावर तिला सगळं आवडलं. सासू चांगुणाबाई आवडल्या, परसातली शेळी आवडली, नवरासुद्धा हळूहळू आवडायला लागला. एका गोष्टीपाशी मात्र तिचं पाऊल अडे. गावातल्या बायका परसाकडे जात त्या ओढ्याच्या अंगाला, एक तर उजाडायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधला सगळा दिवस पुरुषांचा. टमरेल हातात घेऊन पुरुष भर बारा वाजता गप्पा हाणत जाई. बाईनं मात्र सूर्य असेतोवर पोट नावाचा अवयव आपल्याला नाहीच, असं धरून चालायचं.

एरवी विजयमालेनं हेही निभावून नेलं होतं. पण महिन्याच्या महिन्याला तिचं पोट ऐकत नसे. कावळा शिवायच्या आधीचे काही दिवस ते नगाऱ्यासारखं फुगे आणि रुसून बसे. इसबगोल घ्या, गरम पाणी घ्या, ढिम्म हलत नसे. चांगुणाबाई त्या फुगलेल्या पोटाकडे आशेनं बघत आणि विचारत, “का गं, काय हाय का?” आणि ज्या दिवशी ती बाजूला बसे, त्याच दिवशी एवढे दिवस रुसलेलं पोट एकदम उठून चालू लागे. सकाळी एकदा, न्याहारीनंतर पुन्हा, आणि ऐन दुपारी तिसऱ्यांदा. आधी संप आणि मग मोर्चा! त्यातून त्या दिवसांत पाण्याच्या हंड्याला शिवायचं नाही, म्हणजे टमरेलसुद्धा दुसऱ्यानं भरून द्यायला हवं. चांगुणाबाई ते भरून देत. एक शब्द न बोलता देत, पण देत.

त्या वर्षी ज्वारीची काढणी आटोपली आणि रानं उघडी पडली. अशाच एका दिवशी टळटळीत दुपारी विजयमाला ओढ्याला पळाली. आडोसा म्हणून एक वेडी बाभूळ शिल्लक होती, तिच्यामागे जाऊन बसते न बसते तोच पलीकडच्या काठावर सरपंच आप्पासाहेब, सरकारी ओव्हरसियर आणि साखळी धरणारे दोन गडी येऊन उभे राहिले. नाला बांधायचा होता, त्याची मोजणी. त्यांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, चुकली म्हणून पुन्हा मोजली, आणि मग काठावरच्या दगडांवर बसून भाकरी सोडली. त्यांचं जेवण होऊन, ओव्हरसियरची विडी ओढून होईपर्यंत विजयमाला बाभळीमागे जीव मुठीत धरून बसली होती. घरी आली तेव्हा पायात काटे होते आणि डोळे लाल.

संध्याकाळी कानिफनाथ भाकरी कुस्करत होते. ती दारातूनच म्हणाली, “अहो, मला संडास पाहिजे.”

घास हातातच राहिला. “आत्ता?”

“आत्ता नाही. कायमचा.”

“जेवताना काय बोलतेस, विजा!”

“मग कधी बोलू? तुम्ही घरात असता ते जेवायला.” आणि तिनं सगळं सांगितलं. मागच्या खेपेला माहेरी गेली होती तेव्हा नगरच्या डॉक्टरीणबाईंनाही दाखवून आली होती. “त्या म्हणाल्या, पाळीच्या आधी पोट सुस्तावतं आणि पाळी आली की सैल होतं. पुष्कळ बायकांचं होतं. आजार नाही, घाबरायचं नाही.”

कंट्रोलरांच्या कानावर ‘पाळी’ हा शब्द आजवर ड्युटीच्या संदर्भातच पडला होता. पहिली पाळी, दुसरी पाळी. तिसऱ्या एका पाळीचा पोटाशी असा काही संबंध असतो, हे त्यांना अगदी नवीन होतं. त्यांनी आधी आई आसपास नाही ना ते पाहिलं, मग आवाज उतरवून विचारलं, “औषध काय दिलं मग?”

“हलकं खा, पाणी पी, पोट शेकत जा. म्हटलं, ते सगळं करते बाई, पण जायचं कुठं? त्यावर त्यांच्याकडेही औषध नव्हतं.”

“बघू पुढं.”

“पुढं नाही. नाहीतर दर महिन्याला त्या दिवसांत मी नगरला जाईन. महामंडळाचा पास काढून द्या म्हणजे झालं.”

हा घाव बरोबर बसला. कंट्रोलरांची बायको दर महिन्याला नेमानं माहेरी जाते हे लाइनवरच्या कंडक्टरांना कळलं असतं, आणि कंडक्टर जमातीला हिशेब करायला वेळ लागत नाही. कानिफनाथांनी ताटात हात धुतला आणि म्हणाले, “ठीक आहे. संडास बांधू. त्यात काय आहे?”

त्यात काय आहे ते दुसऱ्या दिवशी कळलं. ग्रामसेवक कारभारी हा सज्जन माणूस होता, पण कागदाशिवाय त्याला दिसत नसे. त्यानं गावठाणाचा नकाशा पसरला, परसाच्या जागेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. “कंट्रोलरसाहेब, हा कोंडवाडा हाय.”

“कोंडवाडा? आमच्या परसात शेळी आहे फक्त.”

“इंग्रजांच्या काळात हुता. नकाशावर अजून हाय. इथं फकस्त बेवारस जनावरं ठिवता येत्यात.”

“मग माझी शेळी?”

“तिची बी तक्रार आली तर बघावं लागंल,” कारभारी दुःखानं म्हणाला. “तुमी आसं करा, पंचायतीच्या सभेत इषय मांडा.”

सभा चावडीत भरली. आप्पासाहेब पांढरा फेटा बांधून मधोमध, भोवती पंच, आणि ज्यांना काही काम नव्हतं असा उरलेला गाव. कानिफनाथांचे शेजारी भिमाजी, जे दुसऱ्या महायुद्धात इराकपर्यंत जाऊन आले होते आणि तेव्हापासून कुठल्याही विषयावर गप्प बसले नव्हते, ते सर्वांत पुढे.

“संडास?” आप्पासाहेबांना खरंच कळेना. “साहेब, एवढं रान पडलंय. सरकारनं रानाला काय तिकीट लावलंय का?”

सगळे हसले. “पण पाहिजे कशाला? कारण सांगा की.”

कारण! खरं कारण सांगायचं तर भर चावडीत बायकोच्या पाळीचं नाव घ्यावं लागणार. ते काही कानिफनाथांच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. त्यांनी आढ्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मला... पोटाचा त्रास आहे.”

सभा एकदम गंभीर झाली. पोट हा विषय आला की मराठी माणूस हसत नाही.

“कवापासनं?” भिमाजींनी विचारलं.

“बरेच दिवस. म्हणजे रोज नाही. महिन्यातून एकदा.”

“महिन्याला एकदाच?” आप्पासाहेब पुढे सरकले. “नेमानं?”

“नेमानं. आधी अडतं आणि मग सुटतं.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि कंट्रोलरांचं उरलंसुरलं खासगी आयुष्य त्याच्याबरोबर गेलं. आप्पासाहेबांनी निवाडा दिला, “संडासाचं वर ताल्लुक्याला इचारू. तवर खड्डा घ्या. खड्ड्याला परवानगी लागत न्हाई, गावात सगळीकडं हायेतच.”

सभा सुटली, पण पोट सुटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गाव आणि लाइन, दोन्हींनी त्यांच्या पोटाचा ताबा घेतला. सोलापूर गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडे, “साहेब, आज अडलंय का सुटलंय?” आणि त्याला पंचावन्न उतारूंचे कान. लाइनवरचे निम्मे कंडक्टर ‘अडतं’ एवढंच ऐकलेले. त्यांनी एरंडेल, सोनामुखी, बाळहिरडा आणून दिला. उरलेल्यांच्या कानावर ‘सुटतं’ पोचलेलं. ते डाळिंबाची साल, कुड्याची साल आणि बेलाचा मुरंबा घेऊन आले. बरं, देणारा समोर उभा राहून पाजतो. एकदा खोटं बोललेल्या माणसाला नाही म्हणायची सोय राहत नाही. कानिफनाथ मुकाट्यानं सगळं घेत राहिले. विजयमाला म्हणायची, “अहो, खरं सांगून टाका.” ते म्हणत, “तुझ्या अब्रूसाठी चाललंय हे.” ती म्हणे, “माझी अब्रू बाभळीमागेच गेली. आता जातेय ती तुमची.”

भिमाजींना यात वेगळाच संशय आला. दर महिन्याला नेमानं येतं म्हणजे अवसेशी काहीतरी संबंध असणार, आणि अवसेशी संबंध म्हणजे शनिमहाराज. एका शनिवारी त्यांनी कंट्रोलरांना रजा काढायला लावली आणि शिंगणापूरला नेलं. तिथं थंडीत गार पाण्यानं अंघोळ, ओल्या पंच्यानिशी रांग, चौथऱ्यावर तेल. सगळं यथासांग झालं. कानिफनाथांची श्रद्धा होती, त्यांनी मनापासून हात जोडले. पण डोळे उघडून आजूबाजूला बघतात तर एकाही घराला दार नाही. दारच नको असलेल्या गावात आपण दाराची कडी मागायला आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. कुडकुडत ते देवाला एवढंच म्हणाले, “तुमचं गाव वेगळं, महाराज. आमच्या गावाला दार लागतं. गैरसमज नसावा.”

परत आले ते सर्दी घेऊन. वर भिमाजींच्या घरचा काढा, त्यावर जामखेड गाडीच्या कंडक्टरचं एरंडेल. आणि पुढचाच दिवस बाजाराचा.

बाजारच्या दिवशी मिरजगावच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. तिन्ही गाड्या एकाच वेळी लागलेल्या, टपावर कोंबड्यांच्या पाट्या, खाली बोकडं. कानिफनाथांनी घड्याळ बघितलं, शिट्टी तोंडात धरली, आणि त्याच क्षणी आत खोल कुठंतरी एरंडेलानं कुड्याच्या सालीवर मात केली. तोंडातली शिट्टी काढायलाही वेळ नव्हता. दोन्ही हातांनी पोट धरून ते शेडच्या मागे धावत सुटले. धावणाऱ्या माणसाला धाप लागते, धाप लागलेल्या माणसाच्या तोंडात शिट्टी असली की ती वाजते. फुर्र, फुर्र, फुर्र! सोलापूर गाडी निघाली. तिच्यामागे करमाळा निघाली. जामखेडचा कंडक्टर हॉटेलात भजी खात होता, त्याला तसाच टाकून जामखेडही निघाली. मिरजगावच्या इतिहासात तिन्ही गाड्या एकदम सुटल्या त्या त्याच दिवशी. रस्त्यावर गाठोडी, पोरं आणि बोकडं घेऊन दोनशे माणसं गाड्यांच्या मागे पळत होती आणि जामखेडचा कंडक्टर एका हातात भजं घेऊन सर्वांच्या पुढे होता.

कंट्रोलर शेडमागच्या घाणेरीच्या झुडपात बसले होते. झुडूप गुडघ्याएवढं. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला सडक. एक म्हातारी टोपली घेऊन अगदी जवळून गेली आणि तिनं मायेनं तोंड फिरवलं. वर ऊन, खाली खडे, आणि उठावं तर पोट उठू देईना. त्या झुडपात कानिफनाथांना पहिल्यांदा ती बाभूळ दिसली. आपला हा तमाशा एका दिवसाचा. बायको तर हे दर महिन्याला करते, वर कंबर ठणकत असते, आणि घरी येऊन भाकऱ्या नाही पण निवडटिपण करते. आपण तिला ‘बघू पुढं’ म्हणालो होतो.

वरिष्ठांनी खुलासा मागवला. ‘तब्येतीच्या कारणास्तव शिट्टी अनवधानाने वाजली,’ असा त्यांनी दिला. असो. माणसाची इज्जत एकदा गेली की पुढची कामं भराभर होतात. त्याच संध्याकाळी त्यांनी आसाराम गवंड्याला बोलावलं आणि परसात खड्ड्यासाठी चुन्याची फक्की मारून घेतली.

नगरहून संडासाचं भांडं आणायचं काम नगर-करमाळा गाडीचा कंडक्टर सहादेव याच्याकडे होतं. पोरगा नवा, नुकतंच लग्न झालेला, कामाला चोख. पहिलं भांडं त्यानं टपावर बांधलं. रुईछत्तीशीच्या पुढे एक खड्डा असा आला की मिरजगावला त्याच्या ठिकऱ्या उतरल्या. दुसऱ्या खेपेला त्यानं भांडं गोधडीत गुंडाळून खिडकीजवळच्या सीटवर नीट निजवलं. घोगरगावला चढलेल्या एका आजीबाई शेजारी बसल्या. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “लई गार पडलंय रं लेकरू. आई कुटं गेली ह्याची?” आणि स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांनी भांड्यावर घातली. सहादेवला सत्य सांगायचा धीर झाला नाही. स्टँडवर उतरताना भांडं कानिफनाथांनी छातीशी धरलं आणि आजीबाई खिडकीतून ओरडल्या, “डोकं संबाळ बाबा त्याचं!”

इकडे घरात चांगुणाबाईंनी अन्न टाकलं होतं. “ज्या घरात शिजवायचं त्याच घरात हागायचं? माझ्या देव्हाऱ्याच्या भिताडाला?” कंट्रोलरांनी देव्हारा आणि खड्डा यांच्यामधलं अंतर पावलांनी मोजून दाखवलं, पण चांगुणाबाईंना अंतर नको होतं, गावच वेगळं हवं होतं.

आणि आसारामचा खड्डा पुरुषभर खोल गेला तेव्हा शेजारच्या छबूबाई खड्ड्यात उतरून बसल्या.

छबूबाई म्हणजे भिमाजींच्या वहिनी. तोंडानं फटकळ, अंगानं दणकट. त्यांचा आड कुंपणाच्या पलीकडे. “माझ्या आडाचं पानी नासंल. मी हितनं उठत न्हाई. टाका माती माझ्यावर!” असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि तळाशी मांडी घातली. आसाराम वर कुदळ टेकून बसला. भिमाजी आले, त्यांनी बगदादमध्ये असे पेच कसे सोडवतात ते सांगितलं. कानिफनाथ काठावर वाकून म्हणाले, “काकी, वर या. आड लांब आहे, खाली मुरूम आहे, ओव्हरसियरनंसुद्धा...”

“तुझ्या पोटापायी आमी घान पानी प्यायचं व्हय रं?”

तेवढ्यात विजयमाला आली. तिनं सगळ्यांकडे एकदा बघितलं, शिडीवरून पाय टाकला आणि सरळ खड्ड्यात उतरली. छबूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली आणि त्यांच्या कानाशी लागली.

वरच्यांना काही ऐकू येईना. कानिफनाथांना फक्त बायकोचा पदर आणि छबूबाईंचा अंबाडा दिसत होता. अंबाडा आधी ताठ होता. मग हलला. मग खालून छबूबाईंचा आवाज आला, एरवीपेक्षा कितीतरी बारीक: “तुला बी?”

पुन्हा कुजबुज.

“आगं आयाई गं! आन मला वाटायचं माझ्या एकटीचंच आसं हाय. मी तर भगताकडनं दोनदा अंगारा आनला, पोटात कायतरी शिरलंय म्हनून! धा दिस घट्ट आन मंग येकदम...”

“छबूकाकू, हळू.”

“आता काय हळू? इतकी वर्सं हळूच हुते की!”

कानिफनाथांनी मान वळवली, तर त्यांच्या मागेच चांगुणाबाई उभ्या. अन्न टाकल्यापासून आज पहिल्यांदा त्या परसात आल्या होत्या. त्यांनी मुलाला हातानं बाजूला सारलं आणि खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसल्या.

“मला बी हुतं,” त्या खाली बघून म्हणाल्या. “इटाळ जाईस्तवर हुतं. वड्याला गेले की तुझा सासरा म्हनायचा, कामाचा कंटाळा आला की हिला वढा आठवतो. म्या कंदी काय बोलले न्हाई. कुनाला सांगायचं, आन काय म्हनून?”

विजयमालेनं वर बघितलं. “म्हणून तुम्ही टमरेल भरून देत होता, आत्याबाई.”

“न बोलता जेवडं करता येतं तेवडं केलं, पोरी.”

भिमाजींना पहिल्यांदाच इराकमधलं काही आठवलं नाही. ते पाय न वाजवता निघून गेले. आसारामनं कुदळीच्या दांड्याचं फार बारकाईनं निरीक्षण सुरू केलं. आणि कानिफनाथ, ज्यांना प्रत्येक गाडीची प्रत्येक वेळ पाठ होती, त्यांना आपल्या आईबद्दल हे आज, या वयात, एका खड्ड्याच्या काठावर कळत होतं. ते वाकले आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.

शिडीवरून वर येताना छबूबाई गरजल्या, “आसाराम! बगतो काय? आजून दोन हात खोल घे. आन दार चांगलं भक्कम लाव. आतनं कडी!”

“आणि तुमचा आड, काकी?” कानिफनाथांनी विचारलं.

“आड गेला आडात! तूच म्हनलास ना मुरूम हाय खाली?” असं कंट्रोलरांना बजावून छबूबाई तडक निघाल्या, त्या आपल्या घरी नाही, तर आप्पासाहेबांच्या घरी, त्यांच्या मालकिणीकडे.

तिथं काय बोलणं झालं ते कुणालाच ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच आप्पासाहेब फेटा न बांधताच स्टँडवर आले आणि कागद कंट्रोलरांच्या हातात देऊन घाईनं म्हणाले, “ताल्लुक्याला इचारायची गरज न्हाई. कारभाऱ्यानं तोड काढलीया.” कागदावर लिहिलं होतं, ‘अर्जदारास सदर कोंडवाड्याची दुरुस्ती करून घेण्यास व त्यास दार बसविण्यास परवानगी आहे.’ मिरजगावातला पहिला संडास सरकारदरबारी आजही कोंडवाडाच असेल, कोण जाणे. आप्पासाहेब जाता जाता थबकले. “त्यो आसाराम मोकळा कवा हुतोय? न्हाई, आमच्या घरात बी जरा... दुरुस्तीच काढलीया.”

उद्घाटनाचा बेत कानिफनाथांच्या मनात नव्हता. पण पेशंटचा संडास पुरा झाला आणि गाव बघायला आलं नाही, असं होत नाही. आप्पासाहेबांनी नारळ आणला, भिमाजींनी झेंडूचा हार. दाराला तोरण लागलं. आप्पासाहेब म्हणाले, “कंट्रोलरसायबांच्या पोटानं आज गावाला नवी दिशा दाखवली.” टाळ्या पडल्या. बायका एका बाजूला तोंडाला पदर लावून उभ्या होत्या आणि त्यांच्यात अशी काही हसण्याची लाट येत होती की पुरुषांना वाटलं, नारळ नीट फुटला नाही.

“चला सायेब, मुहूर्त करा,” भिमाजी म्हणाले.

“आत्ता?”

“मंग? तुमच्यासाटीच हाय की.”

गळ्यात हार घातलेले कानिफनाथ आत गेले. कडी लावली. बाहेर सगळं गाव श्वास रोखून. एवढ्या शांततेत एवढ्या माणसांसमोर काही करणं तर सोडाच, विचार करणंसुद्धा अवघड होतं. थोडा वेळ त्यांनी भिंतीचा गिलावा तपासला, मग बादली उचलून भडाभडा ओतली. बाहेर जल्लोष झाला. ते घामाघूम होऊन बाहेर आले तेव्हा भिमाजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “सुटलात!”

पुढच्या खेपेला विजयमाला बाजूला बसली त्या दुपारी कानिफनाथ जेवायला घरी आले. परसातलं दार आतून लावलेलं. बाहेर पायरीवर चांगुणाबाई आणि छबूबाई ओवा चघळत बसलेल्या, आप्पासाहेबांच्या मालकीणबाईही, त्यांचं काम अजून पायापर्यंतच आलं होतं. कुणाचं पोट कधी धरतं आणि कधी सुटतं, याची मोकळी चर्चा चालली होती. विजयमाला आतूनच भाग घेत होती. कंट्रोलरांना बघून कुणी पदर सावरला नाही की आवाज खाली केला नाही. त्यांनी स्वतःच ताट वाढून घेतलं. भाजी फोडणीला आईनं जरा करपवली होती, तरी दोनदा घेतली.

तिसऱ्या प्रहरी करमाळा गाडी लागली होती. सहादेव टेबलापाशी उगाच घुटमळत होता. तिकिटाची पेटी या काखेतून त्या काखेत करत होता.

“काय रे, गाडी भरली ना?”

“भरली, साहेब. एक इचारायचं हुतं.” त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “आमच्या घरात... म्हंजे तिचं... महिन्याच्या महिन्याला पोट लई दुकतं, फुगतं बी, आन मंग... आई म्हनती ढोंग करती. तुमाला पोटाचं म्हाईत हाय म्हनून...”

कानिफनाथांनी शेडमध्ये एक नजर टाकली. बाकावर सात-आठ उतारू बसले होते. कान टवकारून. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

“बस. माझं पोट चांगलं आहे, सहादेव. दगड पचवेल. त्रास माझ्या मंडळींना होतो, पाळीच्या वेळी. आईलाही व्हायचा. पुष्कळ बायकांना होतो. ढोंग नाही.” हे सगळं त्यांनी गाड्या पुकारायच्या आवाजात सांगितलं. “आधी पोट जड होतं, मग सैल होतं. हलकं खायला दे, गरम पाण्याची पिशवी आणून दे. फारच दुखत असलं तर नगरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा, लाजू नको. आणि घराच्या मागे जागा असली तर आसारामला पाठवतो.”

बाकावरचा एक पागोटेवाला खाकरला आणि दुसरीकडे बघू लागला. पण एक मध्यमवयीन बाई, जी आतापर्यंत पाठ करून बसली होती, ती सरळ या बाजूला वळून बसली.

सहादेव पेटी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. मग म्हणाला, “पन साहेब, खड्डा खनायला लागलो की गाव इचारंल. काय सांगू?”

“खरं सांग बाबा,” कानिफनाथ म्हणाले. “खोटं पचायला फार जड जातं.”